हात हलवत यायचं नसेल तर: परदेशातून काय आणावं, कसं आणावं

काशीहून गंगेचा गडू, पंढरपूरहून बुक्का आणि चुरमुरे, लोणावळ्याहून चिक्की. आपल्याकडे गावाला गेलेला माणूस हात हलवत परतत नाही. मग परदेशी गेलेल्याकडून तर काय काय अपेक्षा! २०१५ च्या मे महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदा युरोपला गेलो, तेव्हा परतीच्या बॅगेत साडेचार किलो चॉकलेट आणि सव्वीस फ्रिज मॅग्नेट होते. चॉकलेट विमानतळ ते दहिसर एवढ्या टॅक्सीतच मऊ पडलं. मग फ्रिजमध्ये गोठलं आणि वर पांढरट थर आला. (ती बुरशी नसते, आतलं कोकोचं लोणी वर आलेलं असतं. पण हे पाहुण्याला कोण समजावणार?) आत्याने पुडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "अगं, हे तर क्रॉफर्ड मार्केटात मिळतं की!"

मिळतंच. मी नंतर मुद्दाम जाऊन पाहिलं. तोच पुडा, तोच रंग, भावात जेमतेम फरक. त्यानंतर पाच वेळा बाहेर जाऊन आले आणि दर वेळी काहीतरी चुकून शिकले. पहिल्यांदा निघालेल्यांनी तेच पैसे आणि तोच मनस्ताप पुन्हा खर्च करू नये, म्हणून हे क्रमवार लिहिते आहे.

१. आधी माणसांची यादी करा, वस्तूंची नंतर

घरून निघण्याआधी एका कागदावर नावं लिहा. तीन रकाने पुरतात. पहिल्यात जवळची माणसं, म्हणजे आई, सासूबाई, वहिनी, भाचरं. यांच्यासाठी एकेक वेगळी वस्तू. दुसऱ्यात ऑफिस, सोसायटी, भिशीच्या मैत्रिणी. यांच्यासाठी एकच मोठा डबा, ज्यात प्रत्येक नग वेगळा गुंडाळलेला आहे. तिसऱ्या रकान्यातली माणसं सगळे विसरतात: घरी कामाला येणाऱ्या ताई, वॉचमन, आपण नसताना तुळशीला पाणी घालणाऱ्या शेजारच्या काकू. पहिल्या वेळी मी तुळशीवाल्या काकूंनाच विसरले होते. मग मॅग्नेटांतला एक उचलून त्यांना दिला आणि "खास तुमच्यासाठीच आणला" असंही वर म्हणाले. त्यांच्या फ्रिजचा दरवाजा काचेचा निघाला.

यादीसमोर प्रत्येकाची खाण्याची पथ्यं लिहा. आपल्या पुड्यांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो, तसा तिकडे असेलच असं नाही. मऊ, रबरासारख्या गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा जिलेटिन असतं, ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात. ई १२० हा लाल रंग किड्यांपासून बनतो. आणि सोनेरी कागदातली देखणी चॉकलेटं घेताना आत दारू भरलेली नाही ना, एवढं बघा. माझ्या चुलतसासूबाईंनी चातुर्मासात अशी दोन खाल्ली आणि "छान, जरा उष्ण आहेत" म्हणाल्या. मी आजतागायत त्यांना काही सांगितलेलं नाही.

२. घरून नेण्याच्या गोष्टी

- हाताने धरून वजन करायचा छोटा काटा. विमानतळावर बॅग उघडून साड्या उपसण्याचा प्रसंग याने टळतो.
- घडी होणारी एक रिकामी बॅग.
- दोन जुने टॉवेल आणि चारपाच जुने मोजे. काच आणि चिनी मातीच्या वस्तूंना बबल रॅपपेक्षा मोजे बरे पडतात.
- चेनच्या प्लॅस्टिक पिशव्या, चिकटपट्टी, मार्कर पेन.
- बिलं ठेवायला एक लिफाफा.
- पासपोर्टच्या पहिल्या पानाच्या दोन झेरॉक्स.
- अंगावर सोन्याचे भारी दागिने घालून जाणार असाल तर जाताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून घ्यायचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट. येताना "हे बांगड्यांचे जोड तिकडून आणले का?" असं कोणी विचारलं, तर हातात कागद असतो. त्यासाठी दागिन्यांची पावती किंवा सोनाराकडचा मूल्यांकनाचा कागद जवळ ठेवा आणि विमानतळावर तासभर आधी पोचा. माझा सल्ला विचाराल तर भारी दागिने घरीच ठेवा.

३. खरेदी कुठे करायची

सहलीची बस जिथे "फक्त वीस मिनिटं" म्हणून थांबते, त्या दुकानात यादीतलं काही घेऊ नका. तिथे घाई असते, आणि घाईत माणूस मॅग्नेट घेतो. आयफेल टॉवरच्या पायथ्याशी किचेनचे झुबके घेऊन फिरणारी मुलं पाचसहा नग मिळून एक युरो सांगतात. घ्यायचे तर घ्या, पण मागे काय छापलंय ते आत्या वाचणारच आहे.

मला विचाराल तर कुठल्याही देशात पहिल्या दिवशी तिथल्या लोकांच्या रोजच्या किराण्याच्या सुपरमार्केटात जा. स्वित्झर्लंडमध्ये मिग्रोस आणि कोऑप. तिथे मला माझी सगळ्यात लाडकी वस्तू मिळाली, तीही दोनतीन फ्रँकात: रेक्स नावाची साल काढायची सोलाणी. अ‍ॅल्युमिनियमची, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली, बाजूला बटाट्याचे डोळे काढायला छोटं कडं. आल्फ्रेड नेवेचेर्झाल या माणसाने ती १९४७ मध्ये तयार केली, आणि स्विस लोकांना तिचं इतकं कौतुक की २००४ मध्ये तिच्यावर पोस्टाचं तिकीट निघालं. मी सात आणल्या. दुधी, कैरी, सुरण, सगळ्यावर चालते. शोकेसमधल्या काचेच्या हंसाकडे वर्षभर कोणी पाहिलं नाही, पण माझ्या आईचा रोज सकाळी भाजी चिरताना स्वित्झर्लंडशी संबंध येतो.

चॉकलेट घ्यायचंच असेल तर तेही याच दुकानातून, तिथल्या घरगुती ब्रँडचं घ्या. त्रिकोणी डब्यातलं टॉब्लेरोन १९०८ पासूनचं बर्नचं म्हणून आपण मोठ्या भक्तीने आणतो. पण उत्पादनाचा काही भाग स्लोव्हाकियात नेल्यावर २०२३ मध्ये डब्यावरचं मॅटरहॉर्न शिखर काढावं लागलं, कारण स्विस चिन्हं वापरण्याचे तिथले नियम कडक आहेत. आणि ते मुंबईतही मिळतं. मे महिन्यात आणणार असाल तर चॉकलेट कमीच घ्या.

दुकानात कार्ड दिलं की मशीन विचारतं, रुपयांत घेऊ की तिथल्या चलनात? रुपये बघून आपल्याला बरं वाटतं, तिथेच फसायला होतं. तिथलंच चलन निवडा, रुपयांचा दर मशीनवाला आपल्या सोयीने लावतो.

४. नावापुरती वस्तू आणि खरी वस्तू

नवखा माणूस सगळ्यात जास्त इथे बुडतो. मीही बुडाले, म्हणून जरा सविस्तर.

केशर. इस्तंबूलच्या मसाल्याच्या बाजारात, म्हणजे १६६४ मध्ये पुरा झालेल्या मिसिर चार्शीत, पोत्यांतून केशराचे ढीग दिसतात. "टर्किश केशर, फार स्वस्त." मी पाव किलो घेतलं आणि स्वतःवर खूश झाले. माझ्या वहिनीचं माहेर परभणीकडचं. तिने चिमूटभर हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाली, "ताई, ही करडई आहे. आमच्या शेतात काट्यांत हात घालून तोडायला लागते." खरोखरच तिकडे करडईच्या पाकळ्या केशराच्या नावाने खपतात. ओळखायचं असं: खऱ्या केशराची काडी एका टोकाला तुतारीसारखी रुंद होत जाते. कोमट पाण्यात टाकली तर रंग हळूहळू, पिवळा सुटतो आणि काडी बराच वेळ लालच राहते. करडईची पाकळी चपटी, फाटक्या दोऱ्यासारखी दिसते. आणि केशर पोत्यातून कधीच विकत नाहीत. ते ग्रॅमवर विकतात.

कुकू घड्याळ. आपली माणसं ते स्वित्झर्लंडचं समजून तिथे घेतात. ते मूळचं जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागातलं. टिटिझे तळ्याकाठी बहुतेक सहली थांबतात, घ्यायचं तर तिथे घ्या आणि व्हीडीएस अक्षरांचं प्रमाणपत्र मागा. ते पूर्ण यांत्रिक आणि तिथे बनलेल्या घड्याळालाच मिळतं. बॅटरीवरचा कोकिळ वेगळा, त्याचा आवाज चिपमधून येतो. यांत्रिक घड्याळात रोज किल्ली द्यायचं आणि आठवड्यातून एकदा द्यायचं असे दोन प्रकार असतात. वजनं लोखंडाची, देवदाराच्या फळाच्या आकाराची. ती बॅगेचा तोल बिघडवतात, म्हणून वेगळी गुंडाळा. आणि रात्री आवाज बंद करायची कळ आहे का, ते दुकानातच विचारा. आमच्याकडे भिंतीपलीकडे राहणाऱ्या काकांना दुसऱ्याच रात्री बारा वेळा कोकिळ ऐकावा लागला.

व्हेनिसची काच. १२९१ मध्ये आगीच्या भीतीने व्हेनिसमधल्या काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या, तेव्हापासून नाव मुरानोचं. पण व्हेनिसच्या गल्ल्यांत मुरानोच्या नावाने बाहेरची काचही विकतात. 'वेत्रो आर्तिस्तिको मुरानो' हे चिन्ह दुकानाच्या दारावर आणि वस्तूवर बघा. पाच युरोत मिळणारे मणी मुरानोचे असतील तर नशीब म्हणा.

हॉलंडची निळी-पांढरी डेल्फ्ट भांडी घेताना बुडाशी बघा. हाताने रंगवलेली आणि छापलेली यांच्या किमतीत बराच फरक असतो. छापलेलीही छान दिसतात, फक्त हाताची म्हणून तेवढे पैसे देऊ नका.

आणि माझं तांब्याचं भांडं. इस्तंबूलमधल्या ग्रँड बाजारात (याची सुरुवात पंधराव्या शतकात सुलतान दुसऱ्या मेहमेदच्या काळातली) मी कॉफीचं लांब दांड्याचं भांडं घेतलं, जेझवे म्हणतात त्याला. दादर स्टेशनबाहेर भाजीवाल्याशी घासाघीस करणारी बाई तिथे मागे पडत नाही. फक्त दुकानदाराने सफरचंदाचा चहा पाजला म्हणून ओशाळून काही घ्यायचं नाही. घरी आल्यावर मला वाटलं, याचा आकार फोडणीला काय सुरेख आहे! कोरडं भांडं गॅसवर ठेवलं, तेल आणायला वळले आणि आत चांदीसारखे थेंब पळताना दिसले. आतून कल्हई होती. कथील २३२ अंशांना वितळतं, रिकाम्या भांड्याला गॅसवर तेवढी उष्णता यायला वेळ लागत नाही. आता कल्हईवाला गल्लीत येत नाही. पायधुनीच्या तांबाकाट्याकडे भांड्यांच्या दुकानांत विचारत विचारत एक म्हातारे कारागीर सापडले. त्यांनी भांडं हातात घेऊन कौतुकाने विचारलं, "कुठलं? हात चांगला आहे." तेव्हापासून त्यात फक्त कॉफी होते. तांब्या-पितळेचं काही आणलंत तर आत कल्हई आहे का, आधी बघा.

५. हे आणू नका

ट्यूलिपचे कंद. अ‍ॅमस्टरडॅमच्या फूलबाजारात जाळीच्या पिशवीत मिळतात आणि मोह होतो. झाडं, बिया, कंद भारतात आणायला तिथल्या सरकारी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राची गरज असते. शिवाय ट्यूलिपला फुलायला कित्येक आठवडे कडक थंडी लागते, ती दहिसरच्या बाल्कनीत कुठून आणणार?

मांसाचे पदार्थ आणू नका. सिंगापूरचे गोडसर मांसाचे काप चवीला कितीही भारी असोत.

ई-सिगारेट. तिकडे दुकानात रांगेने मांडलेल्या असतात, भारतात २०१९ च्या कायद्याने बंद आहेत. ड्रोनही नको, फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. भाच्याने हट्ट केला तरी नाही.

प्रवाळ, हस्तिदंत, कासवाच्या कवचाच्या वस्तू. मालदीवमधून प्रवाळ बाहेर नेणं तिथल्या कायद्यात बसत नाही, आणि आपल्याकडेही वन्यजीव कायदा आहे. किनाऱ्यावर पडलेला तुकडा उचलला तरी तो बॅगेत सापडलाच.

थायलंडहून बुद्धमूर्ती. तिथल्या ललित कला विभागाच्या परवान्याशिवाय मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही. गळ्यातल्या छोट्या ताईतांना सूट असते. आपल्याला देवाची मूर्ती आणल्याचं पुण्य वाटतं आणि तिथे माणूस खोळंबतो.

६. बिलं आणि कराचा परतावा

पर्यटकाला काही देशांत विक्रीकर परत मिळतो, पण एका दुकानात ठरावीक रकमेपुढे खरेदी झाली तरच. फ्रान्समध्ये १०० युरोच्या वर, स्वित्झर्लंडमध्ये ३०० फ्रँक. लंडनच्या खरेदीवर ही सोय २०२१ पासून बंद आहे, जुन्या माहितीवर विसंबू नका.

दुकानात पैसे देतानाच पासपोर्ट दाखवून फॉर्म मागा, नंतर देत नाहीत. शिक्का शेवटच्या विमानतळावर मिळतो, आणि तोही वस्तू दाखवायची तयारी ठेवून. म्हणजे बॅग चेक-इन करण्याआधी. युरोपियन युनियनमधल्या कितीही देशांत खरेदी केली असली तरी शिक्का त्या युनियनमधून बाहेर पडताना शेवटी जिथून निघता तिथे. स्वित्झर्लंड त्यात येत नाही, त्याचा हिशेब वेगळा. पहिल्या वेळी आम्ही बॅग आधी दिली आणि फॉर्म हातात घेऊन काउंटरवर उभे राहिलो. एकोणीस युरोंवर पाणी.

७. बॅग भरणं

स्विस चाकू हातातल्या बॅगेत टाकू नका. किचेनला लावलेला छोटासुद्धा. नवऱ्याने भाच्यासाठी घेतलेला सुरक्षा तपासणीच्या टोपलीत गेला आणि भाच्याला मॅग्नेट मिळाला. बर्फ पडणारा काचेचा गोळा म्हणजे आत पाणी. जॅम, मध, अत्तर, सॉस हेही द्रवच. शंभर मिलीलिटरपेक्षा मोठी बाटली असेल तर ती चेक-इन बॅगेत. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्या बॅगेतच.

काचेच्या वस्तू बॅगेच्या मधोमध ठेवा, चारही बाजूंना कपडे. बाटली आधी पिशवीत, मग मोज्यात, मग टॉवेलमध्ये. बॅगेवर 'फ्रॅजाइल' लिहिलंत तरी त्यावर फार भरवसा ठेवू नका.

८. मुंबई विमानतळ: लाल की हिरवा

टी-टूला सामान घेतलं की दोन वाटा असतात. जाहीर करण्यासारखं काही नसेल तर हिरवी, असेल तर लाल. वापरातले कपडे आणि चीजवस्तू वेगळ्या, नव्या वस्तूंना प्रत्येक प्रवाशामागे ठरावीक रकमेपर्यंत माफी. २०१६ च्या बॅगेज नियमांत ती ५०,००० रुपये होती. हा आकडा सरकार बदलत असतं, म्हणून निघण्याच्या आठवड्यात सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर चालू आकडा बघा. नवराबायकोची माफी एकत्र करता येत नाही. ऐंशी हजारांचं एक घड्याळ "आमच्या दोघांचं" म्हणून चालत नाही. दारूला दोन लिटरची मर्यादा आहे.

सोन्याची अडचण सगळ्यात जास्त होते. दुबईच्या देरा भागातल्या सोन्याच्या बाजारातून चार बांगड्या आणल्या की बाईमाणसाला सूट असते, असं कुणीतरी सांगतंच. दागिन्यांची ती खास सूट वर्षभरापेक्षा जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. पाच दिवसांच्या सहलीला ती लागू नाही. घ्या हवं तर, पण बिल जपा, लाल वाटेने जा, कर भरा आणि पावती घ्या. हिरव्या वाटेत अडवल्यावर जाहीर करणं आणि आधी स्वतःहून जाहीर करणं यात फार अंतर आहे.

९. घरी आल्यावर

वाटप पहिल्या आठवड्यात उरका. नंतर वस्तू शिळी होते, आणि कुणाला दिली नि कुणाला नाही याचा घोळ होतो. यादीवर खुणा करत जा.

लाकडी मुखवटे, बाहुल्या, चामड्याच्या वस्तू यांना मुंबईचा पावसाळा सोसत नाही. बालीहून आणलेल्या मुखवट्याखाली जुलैत मला पिठासारखा भुसा दिसला. लाकूडकिडा आतूनच आला होता. लहान वस्तू प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवली तर किडा मरतो. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका. मॅग्नेटांना समुद्राच्या हवेत मागून गंज चढतो. काचेच्या फ्रिजवर ते चिकटत नाहीत, म्हणून आमचे उरलेले सगळे गोदरेजच्या कपाटावर लावले आहेत.

राहिली एक स्वस्त गोष्ट. प्रत्येक गावातून स्वतःच्याच पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाका. पत्ता इंग्रजीत, पिनकोडसह, खाली मोठ्या अक्षरात इंडिया. व्हॅटिकनमध्ये घेतलेलं तिकीट फक्त व्हॅटिकनच्याच पेटीत चालतं, रोमच्या रस्त्यावरच्या पेटीत टाकलं तर वाया. जुंगफ्राउयोखला ३,४५४ मीटरवरही पेटी आहे. तिथून टाकलेलं कार्ड आम्ही परतल्यावर नवव्या दिवशी आलं. नवऱ्याने वर लिहिलं होतं, "इथे फार थंडी आहे, चहा बरा नाही." पोस्टमनने ते माझ्या हातात देताना विचारलं, "मॅडम, साहेब अजून तिकडेच आहेत का?"